पाठीवरचा खो

“उत्पला, पहिला नारळ तू फोड,” महाजन सर म्हणाले आणि त्यांनी नारळ पुढे केला.

उत्पलानं हात मागे घेतले. नववीतली ही पोर शाळेच्या खो-खो संघात सगळ्यात चपळ, म्हणून मान तिचा. सोनगीरजवळच्या त्या गावातून संघ जिल्ह्याला जायचा असला की आधी भवानीपुढे असाच नारळ फुटायचा. पण उत्पलाचं घर बौद्ध. देवापुढे हात जोडणार नाही, अशी शपथ तिच्या आजोबांनी घेतलेली आणि घरानं ती आजवर पाळलेली. “सर, मी जीव तोडून खेळेन. पण नारळ नाही फोडणार,” ती म्हणाली.

सरांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. देवळाच्या ओट्यावर अभिमन आबा बसले होते. शाळेच्या कमिटीत तेच, मुलींचे गणवेशही त्यांनीच दिलेले. ते हसले नाहीत. “हारनात ते कोनामुये हारनात, हाई बठ्ठा गावले मालूम शे,” एवढंच म्हणाले, हरलो तर खापर कोणावर फुटणार हे सांगून टाकलं आणि पायात चपला सरकवून चालते झाले. नारळ मग कर्णधार प्रमिलानं फोडला.

त्यानंतर सामन्यापर्यंतचे आठ दिवस उत्पलाला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं. मुली भांडल्या असत्या, तर तिनंही दोन शब्द सुनावले असते. मधल्या सुट्टीत तिची वेणी घालणारी प्रमिला आता रोज म्हणायची, “आज वेळ नाही गं.” सरावात तिला खो मिळेना. ती आपली चौकोनात बसून राही आणि सर नेमके तेव्हा दुसरीकडे बघत. पाणी प्यायला गेली की कोणीतरी तांब्या वर धरून तिच्या ओंजळीत ओती. नारळावरून रुसल्यात, एकदा जिंकलो की निवळेल सगळं, अशी ती मनाची समजूत घालत होती.

सामन्याच्या दिवशी सकाळी बौद्धवाड्यातल्या हापशाचा दांडाच गायब. आई रिकामा हंडा घेऊन परत आली. गावात कोणाकडे विचारायला जावं, असं तिला वाटलं नाही. वडील भिका रस्त्याच्या कामावर मजूर होते. सामन्याला जायला त्यांनी रजा टाकली आणि मुलीला म्हणाले, “देवले हात जोडाना नही, खोटं बोलानं नही. बाकी खुशाल खेय.” रोज संध्याकाळी पंचशील म्हणणाऱ्या घरात यात नवं काहीच नव्हतं. तरी बोलताना त्यांचा आवाज कापला.

एसटीत तिच्या शेजारची जागा धुळ्यापर्यंत रिकामी राहिली. दोन मुली दांडीला धरून उभ्या होत्या.

अंतिम सामना शिरपूरशी होता. मध्यंतरानंतर आबांची ट्रॅक्टरची ट्रॉली मैदानाला लागली. पंचवीस-तीस माणसं उतरून दोरीपलीकडे उभी राहिली. कोणी ओरडत नव्हतं, टाळ्या वाजवत नव्हतं. खो-खो बघायला काठ्या कशाला लागतात, हे त्यांना विचारायची कोणाची छाती झाली नाही. भिका त्यांच्यापासून दहा पावलांवर एकटेच उभे होते. उत्पला सारखी तिकडेच बघत होती.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं. एक गडी बाद केला की जिंकले, नाहीतर हरले. प्रमिला शिरपूरच्या मुलीमागे धावत होती. ती मुलगी उत्पलाला वळसा घालून पलीकडे निसटली. आता खो द्यायला दुसरं कोणी जवळ नव्हतंच.

“खो!” पाठीमागून प्रमिला ओरडली.

उत्पला उसळली. तीन ढांगांत तिनं सूर मारला आणि पळणाऱ्या मुलीच्या खांद्याला तिची बोटं टेकली. शिट्टी झाली. मुली नाचायला लागल्या. ट्रॉलीवाले पहिल्यांदाच ओरडले.

“खो झालाच नाही!” शिरपूरचे सर धावत आले. “नुसतं तोंडानं खो म्हणाली ती!”

पंच दुसऱ्या अंगाला होते, त्यांना नीट दिसलं नव्हतं. खो म्हणताना पाठीला हात लागलाच पाहिजे. नाही लागला तर फाउल, आणि बाद झालेला गडीही बाद नाही. त्यांनी प्रमिलाला विचारलं. ती खाली बघत पटकन म्हणाली, “लावला सर.” मग पंच उत्पलाकडे वळले. “तू सांग. तुझ्या पाठीला हात लागला का?”

“हो म्हन. बठ्ठं मिटी जाई,” प्रमिला हळूच म्हणाली. आठ दिवसांत ती आपण होऊन बोललेली ही पहिलीच गोष्ट. दोरीपलीकडून आबा उत्पलाकडे बघून चक्क हसले. एक ‘हो’ म्हटलं की हापशाचा दांडा परत येणार होता, उद्या मधल्या सुट्टीत वेणी घातली जाणार होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. ट्रॉलीतली दोन माणसं सरकत सरकत त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. भिकांनी मान हलवली नाही. ते फक्त तिच्याकडे बघत होते.

“नाही सर,” उत्पला म्हणाली. “आठ दिवस झाले, कोणाचाच लागला नाही.”