हिरवी टेप

तळणाच्या मशीनमधलं तेल तापायचं थांबतच नव्हतं. मिस्त्रीने बिघडलेला थर्मोस्टॅट बदलला, आणि सहज आत डोकावला. तेल अति तापलं की मशीन बंद पाडणारा स्विच कुणीतरी वायर जोडून निकामी केला होता.

"हे कुणी केलं, मावशी? जळून मेले असते सगळे."

"तुम्हीच की," खाणावळीचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मशीन सारखं बंद पडत होतं. तेव्हा म्हणालात, तूर्तास चालू द्या, पार्ट आला की बदलतो."

वायरीवर त्याचीच हिरवी टेप होती. ती सोलताना तो आठवू लागला, असं 'तूर्तास' आपण आणखी कुठेकुठे म्हणालो.

जेवणाची वेळ होत आली होती. शहरभर तेल तापत होतं.