दोन गावांची बोट

“सांग त्या माणसाला,” माइमू दुभाषी मुलीला म्हणाली, “बोट राहील तर आमच्याच धक्क्याला. त्यांच्याकडे पाठवली तर पहिल्याच हिवाळ्यात बर्फात अडकेल, आणि हे बसतील शेगडीपाशी हात शेकत.”

इल्वीनं ते लात्व्हियन भाषेत सांगितलं आणि मग फिनलंडहून आलेल्या ओस्मोसाठी इंग्रजीत.

टेबलाच्या एका टोकाला माइमू, एस्टोनियातल्या काल्लासे गावची प्रमुख. दुसऱ्या टोकाला विस्वाल्दिस, ओढ्यापलीकडच्या वेयुपे गावचा प्रमुख. ओढ्यापलीकडे म्हणजे लात्व्हियात. तिनं काळा पाव आणला होता, त्यानं धुरावलेले मासे. दोघांनी आपापलं आपल्याच टोकाला ठेवलं होतं, त्यामुळे ओस्मोला पावासाठी इकडे आणि माशासाठी तिकडे हेलपाटे घालावे लागत होते.

पण ओस्मो मनातून खूश होता. समुद्रकाठच्या देशांनी मिळून उभारलेल्या निधीतून कोणाला काय द्यायचं, याची शिफारस तो करायचा. इतकं अस्सल वैर त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

“नियम पुन्हा सांगतो,” तो म्हणाला. “बचावबोट एकच मिळेल, दोन्ही गावांना मिळून. आणि तुमचं आधीपासून सहकार्य असेल, तर तीही नाही. जिथे काहीच नाही तिथे काही उभं राहावं, यासाठी आमचा पैसा असतो. गेल्या वर्षी खालच्या किनाऱ्यावर दोन गावं होती, जन्माचे दोस्त. त्यांना नाही म्हणालो.”

“बरं केलंत,” विस्वाल्दिस म्हणाला. “आमच्याकडे ती भीती नाही. सत्तर साली यांच्या लोकांनी आमची जाळी कापली होती.”

“एकोणसत्तर,” माइमू म्हणाली. “आणि कापण्यासारखीच होती.”

ओस्मोनं वहीत लिहिलं : संबंध, शून्य.

कॉफी आली. विस्वाल्दिसनं साखरेकडे हात केला, तोच माइमूनं भांडं उचलून स्वतःच्या कोपराआड ठेवलं. त्यानं हात मागे घेतला आणि बिनसाखरेची कॉफी गिळली. साखरसुद्धा देववत नाही हिला, ओस्मोच्या मनात आलं. तो बिचारा मात्र एका शब्दानं बोलला नाही.

बोलला तो नंतर. उभा राहिला, खिडकीकडे बोट केलं, समुद्राकडे केलं, छातीवर हात मारला आणि चांगली पाच मिनिटं लात्व्हियनमध्ये सुनावत राहिला. माइमूनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे खांदे थरथरत होते. भाषा कळत नसली तरी बोचायचं ते बोचतंच, ओस्मोला वाटलं.

“काय म्हणाले?” त्यानं विचारलं.

“नाही म्हणाले,” इल्वीनं सांगितलं.

ओस्मोला हसू आवरेना. “दोन्ही भाषा तुला इतक्या चांगल्या कशा येतात? एकीचा दुसरीशी काही संबंध नाही म्हणतात.”

“घरीच शिकले, साहेब.”

“शाबास. अशी चिकाटी हवी.”

दुपार कलली तरी धक्का कुणाचा ते ठरेना. ओस्मोनं वही मिटली. “हे जमणार नसेल तर मी निघतो. बोट दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.”

मग माइमू बोलली, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

“ऑक्टोबरात वेयुपेचा एद्गार्स बुडाला. एकवीस वर्षांचा. होडी उलटली ती किनाऱ्यावरून दिसत होती. हे लोक त्यांच्या काठावर उभे, आम्ही आमच्या. आमच्या फळकुटांच्या होड्या त्या लाटांत उतरेनात. जिल्ह्याहून बचावबोट यायला दीड तास लागला. तोवर त्याची आई त्याला हाका मारत होती. आणि अर्धा तास तो ओ देत होता.”

इल्वीला भाषांतर करताना दोनदा थांबावं लागलं.

विस्वाल्दिस खाली बघत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, “पोरी, सांग त्यांना. बोट काल्लासेच्या धक्क्याला राहू दे. पाणी तिथेच खोल आहे. माणसं दोन्हीकडची बसतील. नाव फक्त एद्गार्सचं द्या.”

“नाव त्याचंच,” माइमू म्हणाली. “आणि पहिली फेरी त्याच्या आईला घेऊन.”

ओस्मोनं खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसल्यासारखं केलं. अशा कित्येक बैठकांमधून तो ताठ चेहऱ्यानं उठला होता. पण आज त्याच्या डोळ्यांदेखत दोन गावं जवळ आली होती, आणि त्यात त्याचाही हात होता. त्यानं तिथल्या तिथे शिफारस लिहून खाली सही ठोकली.

“माझी शिफारस आजवर कुणी फिरवलेली नाही,” तो म्हणाला. “पानगळीच्या आत बोट पाण्यात असेल.”

बाहेर दोन्ही गावची माणसं थांबली होती, मध्ये चांगलं अंतर राखून. बातमी ऐकताच टोप्या उडाल्या, कुणीतरी धक्क्यावरची घंटा बडवायला घेतली आणि एद्गार्सच्या आईनं ओस्मोचे दोन्ही हात धरले. त्यानं ते हलकेच थोपटले.

“आता एक फोटो,” तो शेवटी म्हणाला. “दोघांनी हात मिळवायचा. पहिल्यांदाच आहे, अवघड वाटेल, पण मिळवा.”

दोघं अवघडून पुढे आले आणि त्यांनी हात मिळवला. ओस्मोनं तीन फोटो काढले, गाडीत बसला आणि वळणापर्यंत काचेतून हात हलवत राहिला.

गाडी झाडीआड गेली. इल्वीनं हलवता हात खाली घेतला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, “आई, सोड आता बाबांचा हात. त्यांची मधुमेहाची गोळी घ्यायची राहिलीये.”