तोडणीला आलेलं फळ

टोकाशी काल मसुराएवढा पांढरा भाग उरला होता. आज तोही लाल झाला होता, म्हणजे फळ तोडणीला आलं होतं.

गॅलरीतल्या बारा कुंड्यांतला स्ट्रॉबेरीचा हा वाण फक्त अच्युतरावांसाठी तयार केलेला होता. एक पिकलेलं फळ खाल्लं की त्यांची गेलेली स्मृती दुपारपर्यंत परत येई. दोन वर्षं त्यांची बायको कुमुद त्यांना रोज सकाळी ते भरवत होती. खाऊन झालं की ते तिला नावानं हाक मारत आणि पाठोपाठ विचारत, “चित्रा उठली का?”

चित्रा, त्यांची मुलगी, आजार सुरू झाल्यानंतर घाटात अपघातात गेली होती. त्यामुळे ती बातमी त्यांच्या स्मृतीत कधी शिरलीच नव्हती. कुमुद सांगे आणि ते रोज नव्यानं रडत. एकदा ती खोटं बोलली, तर ते दुपारपर्यंत दाराशी वाट बघत बसले.

आज ते फळ खाण्याआधीच गुणगुणत गॅलरीत आले.

“बाई, झाडं छान राखलीत हो. मालकांची चैन आहे.”

“मालकांना सोसत नाही हे फळ.”

“मग देता कशाला?”

कुमुदने हातातली कात्री कठड्यावर ठेवली.

“त्यांनी मला नावानं हाक मारावी म्हणून,” ती म्हणाली. “पण आजपासून नाही देणार.”