पहिल्याची गाडी

जेवणाच्या टेबलावर मोटारसायकलचे चारही कार्ब्युरेटर उघडून पसरले होते, म्हणून त्यानं चहा उभ्याउभ्याच घेतला.

"दुकान नाही का आज?" बायकोनं मान वर न करता विचारलं. तिच्या चिमटीत पेट्रोल सोडणारा पितळेचा इवलासा जेट होता. तो खिडकीकडे धरून ती त्याच्या भोकातून आरपार बघत होती.

"आहे ना. म्हटलं दोन शब्द बोलू, म्हणून थांबलो."

"बोल की."

ती जेटमध्ये फुंकर मारत होती. तो कप ठेवून निघाला.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दाताच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि मागच्या खोलीत बसून ती त्यावर दात बसवायची. दोघांचंही हे दुसरं लग्न. त्याची पहिली बायको आजारपणात गेली. तिचा पहिला नवरा दुसऱ्या कुठल्याशा शहरात होता. त्याचा विषय निघाला की ती "नाही जमलं" एवढंच म्हणायची. त्यानंही कधी खोदून विचारलं नाही. ते शहाणपणाचं वाटलं होतं.

पण ती या घरात आली ती त्या माणसाची मोटारसायकल घेऊन. लालभडक, टाकीवर ओणवं होऊन चालवायची, एकेकाळी शर्यतीत शोभली असती अशी. आता तिचे सुटे भागही धड मिळत नव्हते. गाडीच्या कागदांत त्याला पहिल्याचा फोटो सापडला होता. त्याच गाडीला रेलून उभा. उंच, रुंद खांद्यांचा. चष्मा नसलेला.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं.

गाडी थोडे दिवस उभी राहणार असली की ती पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामे करायची, जुनं पेट्रोल आत चिकटू नये म्हणून. रविवारी हवेचा दाब दाखवणारी काट्यांची घड्याळं जोडून चारही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढताहेत का ते बघायची. एखादा काटा जरा मागं पडला की स्क्रू केसभर फिरवायची आणि कान लावून बसायची. त्याचा वाढदिवस ती विसरली होती. गाडीचं तेल बदलायला मात्र एकदाही विसरली नाही.

"बायकांच्या नशिबी सवत असते," त्याची ताई एकदा चहाला आली असताना म्हणाली. "तुझ्या नशिबी आलीय तिला काय म्हणायचं रे?"

तो हसला. हसण्यावारी नेता येईल तेवढं त्यानं नेलं.

मग एकदा जेवताना म्हणाला, "विकून टाकू या का ती? मी नवी घेऊन देतो. बटण दाबलं की सुरू. काही बघायला नको."

"नवी नको."

"का?"

"हिच्यावर भरवसा आहे माझा."

तो शब्द त्याला घासाबरोबर गिळता येईना. आपल्याबद्दल ती असं कधी बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

एका दुपारी ती कवळी पोचवायला पायी गेली होती. गाडी अंगणात, चावी खुंटीला. त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि पेलाभर पाणी आत ओतलं. गाडीचं वाटोळं करावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. ती एकदा रस्त्यात बंद पडावी, बायकोनं वैतागून हात टेकावेत, बस्स.

दुसऱ्या दिवशी बायको गाडी ढकलत घरी आली. जाकीट फाटलेलं, कोपर सोललेलं. पुलाच्या चढावर, ऐन गर्दीत इंजिन बंद पडलं आणि ती गाडीसकट आडवी झाली होती. मागच्या ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला म्हणून निभावलं.

त्यानं स्वतः तिची जखम धुतली.

"विकून टाक गं ती. एखाद दिवशी जीव घेईल तुझा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी नाही घेणार."

संध्याकाळी तिनं कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. तळाशी पाण्याचे थेंब मण्यांसारखे हलत होते.

"धुताना गेलं असेल," तो म्हणाला.

"असेल."

मग तिनं सगळी कामं बाजूला ठेवली. टाकी उतरवून कोरडी केली, जेट पुन्हा काढले, प्लग बदलले, नळ्या बदलल्या. दोन साचे मागच्या खोलीत तसेच पडून राहिले. डॉक्टरांचा फोन आला तर "नंतर बोलते" म्हणाली. तो दुकानात बसून जळत होता. एका गिऱ्हाइकाला त्यानं दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. पहिल्याच्या लोखंडाची एवढी सेवा, आणि आपण रोज समोर बसतो ते दिसतही नाही हिला.

रविवारी सकाळी अंगणात गाडी एका दमात सुरू झाली. बायकोनं चोक आत ढकलला. आवाज कुठंही न अडखळता एकसारखा चालू राहिला. ती पहिल्यांदाच समाधानानं हसली, आणि ते हसू बघून त्याचा तोल गेला.

"एवढं प्रेम होतं, तर सोडलंस कशाला?"

"कुणाला?" ती फडक्याला हात पुसत होती.

"ज्याची ही गाडी आहे त्याला. मला कळत नाही असं वाटतं का तुला? त्याची आठवण म्हणून जपतेयस ना ही?"

बायकोला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"आठवण?" ती म्हणाली. "आठवण कशाला ठेवेन मी त्याची?"

"मग कशासाठी चाललंय हे सगळं?"

तिनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, हेल्मेट चढवलं आणि गाडीवर बसून पायानं गिअर टाकला.

"वेळ आली की निघता यावं म्हणून," ती म्हणाली. "मला अडवायची सुरुवात त्यानंही टाकीत पाणी घालूनच केली होती."