साठच्या पुढचा बोअर

“सिलिंडर आतून घासून मोठा करताना साठ थाऊच्या पुढे बोअर वाढवायचा नाही. सिलिंडरची भिंत पातळ होते, मग तडकते,” जीपच्या इंजिनावर वाकलेले बाबा मला सांगत होते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले.

महिन्याभराने तेच इंजिन तडकून वर्कशॉपमध्ये परत आलं. बोअर ऐंशीचा निघाला.

“माझ्या हातून झालं,” बाबांचे भागीदार दस्तगीरचाचा जीपवाल्याला म्हणाले. मला संशय होताच. बाबांच्या माघारी अर्धवट काम यांनीच घाईने उरकलं असणार. पण बोलताना त्यांचा तळवा इंजिनाच्या कोपऱ्यावरून हलत नव्हता. आमच्याकडे बोअर करणारा तिथे आपली खूण ठोकतो.

“हात काढा, चाचा.”

“जाऊ दे ना, बेटी. नवा ब्लॉक घालून देतो म्हटलं ना यांना.”

मी त्यांचा हात बाजूला केला. खाली बाबांची चांदणीची खूण होती.

“म्हणजे?” जीपवाल्याने विचारलं. चाचांनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

“बोअर बाबांनीच केला,” मी म्हणाले. “त्यांना मापाच्या गेजवरचा आकडा नीट दिसत नव्हता. आणि ते मला दिवाळीपासून माहीत होतं.”