तिसऱ्या गाण्याआधीची हाक

बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीताच्या साठ वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या अल्बमची ही नवी तबकडी अमृतने स्वतः प्लॅस्टिक फाडून बाहेर काढली होती. वलवणच्या बंगल्यात भरदुपारी ती फिरू लागली. दुसरं पोर्तुगीज गाणं संपलं आणि स्पीकरमधून एका बाईने हाक मारली, "अगं हिरे!"

"ओ, आले!" स्वयंपाकघरातून कामाच्या हिरामावशी हात पुसत आल्या. "कोण बोलवतंय, दादा?"

अमृतला त्यांचाच संशय आला. स्पीकरला फोन जोडून चेष्टा चाललीय की काय? पण मावशींचा फोन ओट्यावर बंद पडला होता. त्याने सुई उचलून मागे ठेवली.

"अगं हिरे!" आणि लगेच तबकडीतूनच, मावशींच्या आवाजात, बांगड्यांच्या किणकिणाटासकट, "ओ, आले!"

मावशींचा चेहरा उतरला. "चुकलं माजं. पयल्या हाकंला ओ देऊ नये म्हंत्यात. आवाज आईवानी वाटला, इसरले."

"मावशी, तुम्हीच काहीतरी..." अमृत डाफरला. तेवढ्यात तीच बाई मायेने म्हणाली, "अरे अमृत!"

मावशींनी घाईघाईने मान हलवून त्याला खुणावलं. अमृतने ओठ घट्ट मिटले, वरून तळहातही दाबला.

"ओ," स्पीकरमधून त्याचाच आवाज आला.