नादुरुस्त मीटर

"तिसरं मीटरही नादुरुस्त," तपासणी समितीचे अध्यक्ष निरगुडकर म्हणाले. विद्युत घटात सोडलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडताना दिसली, की दोष मीटरचा धरावा, असा समितीचा नियम होता.

"सर, अकरा महिने या दवाखान्यातली अपुऱ्या दिवसांची बाळं याच घटाच्या उबेवर जगताहेत," तो घट बनवणारी मृदुला वाकणकर कडाडली. "बाळ ठेवलंय त्या पेटीत हात तरी घाला!"

"सिद्धान्तात बसत नाही, बाई. सील करावंच लागेल."

काडेपेटी सापडेना, तेव्हा निरगुडकरांनी लाखेची कांडी घटाच्याच तापलेल्या अंगाला टेकवली. ती क्षणात पाघळली.

"ही लाख कुणी वितळवली, सर?"

त्यांनी घट बंद केला आणि शिक्का दाबला. पेटी निवू लागताच मृदुलाने आतली इवलीशी मुलगी उचलून आपल्या उघड्या गळ्याशी धरली.